पिक्चर अडकला तेव्हा

आमच्या गावातल्या जैन बस्तीच्या, म्हणजे पार्श्वनाथाच्या देवळाच्या मागे, धर्मशाळेच्या दोन खोल्या आहेत. एका खोलीत पालखी राहते. दुसरीत कुणी राहत नाही. पूर्वी तिथे यात्रेकरू उतरायचे. रस्ता रुंद झाल्यापासून यात्रेकरू गाडीतून येतात, दर्शन घेतात आणि जेवायला सांगलीला जातात. रिकाम्या खोलीचं कुलूप पालखीच्या कुलपापेक्षा मोठं आहे. किल्ली जिनदत्त अण्णांच्या कमरेच्या करगोट्याला असते.

जिनदत्त अण्णा बस्तीच्या ट्रस्टचे अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढे, द्राक्षबाग, पांढरं धोतर आणि आवाज. आवाजाचं वेगळं सांगायला हवं. पर्युषणाच्या दहा दिवसांत अण्णा शास्त्र वाचतात तेव्हा माइक लागत नाही. ओढ्यापलीकडच्या लोकांनाही पुण्य लागतं, त्यांची इच्छा असो वा नसो.

अण्णांची दुसरी ख्याती नियमाची. आमच्यात देवासमोर उभं राहून ‘अमुक सोडलं’ किंवा ‘अमुक करीन’ म्हटलं की तो नियम झाला. आम्ही बाकीचे बेताने नियम घेतो. मी दर पर्युषणात कारलं सोडतो. मला कारलं आवडत नाही हे देवाला अजून कळलेलं दिसत नाही. अण्णांचं तसं नाही. फार वर्षांपूर्वी बांधावरून त्यांचं आणि नाथाजींचं भांडण झालं. नाथाजी, आताचे निवृत्त सुभेदार, तेव्हा पलटणीतून रजेवर आले होते. भांडण शेतात सुरू झालं आणि बस्तीच्या मंडपात येऊन संपलं, कारण पंच तिथे बसले होते. अण्णा तावातावाने ओरडले, “जितेपणी तुझ्या गुऱ्हाळाचा गूळ जिभेला लावणार न्हाई!” पुढच्या गळिताच्या आत भांडण मिटलं. बांध होता तिथेच राहिला, दोघं एकमेकांचे जिवलग झाले, आता सकाळचा चहा एकाच्या ओसरीवर आणि दुपारचा दुसऱ्याच्या. पण चहा साखरेचा. नाथाजींच्या गुळाला आसपासच्या गावांत मागणी आहे, आणि अण्णा त्या ढेपेकडे असं बघतात की बघणाऱ्यालाच वाईट वाटावं. हात मात्र लावत नाहीत. समोर पार्श्वनाथ होता, शब्द सुटला, नियम झाला.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

गेल्या श्रावणात आक्काताईंना ती रिकामी खोली हवी होती. आक्काताई महिला मंडळाच्या अध्यक्षा. खोली स्वतःसाठी नको होती. शकेबासाठी हवी होती. शकेबा अफगाणिस्तानातली मुलगी. शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकायला आली, आणि इकडे तिची परीक्षा चालू असताना तिकडे तिचा देश हातचा गेला. परत जायची सोय राहिली नाही. आईवडील सीमा ओलांडून कुठल्याशा छावणीत. आक्काताईंची नात ब्राह्मी तिच्याबरोबर एकाच वर्गात होती, एकाच खोलीत होती, त्यामुळे शकेबाचं मराठी पुण्याचं न होता आमच्याकडचं झालं. ती ‘नाही’ म्हणत नाही. ‘न्हाई’ म्हणते, आणि तेही मान हलवून.

शिक्षण संपलं, आणि आमच्या शिवारातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तिला माल तपासायची नोकरी मिळाली. हॉस्टेल महिन्याअखेरीस सोडायचं होतं. अडचण अशी : खोली नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर पोलिसांकडे नोंद नाही, नोंद नाही तर नोकरी नाही.

आक्काताईंच्या घरात तीन संसार आधीच दाटीने राहतात. नाथाजी म्हणाले, “माझ्या मळ्यात ऱ्हाऊ दे की.” पण मळ्याची वाट उसातून जाते आणि त्या उसात बिबट्या आहे, फॉरेस्टवाले तो नाही म्हणतात, आणि पिंजरा लावून जातात. गावात मंडप, खुर्च्या आणि साउंडचा धंदा करते ती रेश्मा मुजावर. तिला कुणीतरी सुचवलं, “तुमच्याच धर्माची हाय, तुमीच ठेवा की.” रेश्मा म्हणाली, “ठेवली असती. पण माझ्या घरात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त हायत. आमीच एकावर एक झोपतो.”

राहिली धर्मशाळा. आक्काताई अण्णांकडे गेल्या. मला साक्षीला नेलं. मी सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो, त्यामुळे गावात मला साक्षीलाच नेतात.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “आक्काताई, पोरगी गुणाची आसंल. पण परदेशातली. आपल्या धर्माची न्हाई, आपल्या खाण्याची न्हाई. बस्तीच्या आवारात उद्या काय झालं तर लोक मला इचारणार.”

“काय हुणार हाय?”

“तेच तर म्हाईत न्हाई.”

“आवं अण्णा, म्हाईत न्हाई म्हणून कुलूप लावायचं, तर मग पालखीबी आत का ठेवलीया? ती तरी कुठं काय सांगती?”

अण्णा हसले, पण किल्ली जागची हलली नाही.

मग ब्राह्मीने पिक्चर आणला. साताऱ्यात चर्चचे फादर, एका मठातले महाराज आणि मशिदीचे इमाम अशी मंडळी मिळून निर्वासितांवरचे छोटे पिक्चर गावोगाव दाखवतात. एकाच सतरंजीवर बसून हे तिघं पिक्चर बघतात, हेच बघायला निम्मे लोक येतात. त्यातला एक पाऊण तासाचा पिक्चर ब्राह्मीने पाहिला आणि मागून आणला. एक आई आणि तिची मुलगी घर सोडून निघतात. सीमेवर शिपाई अडवतो. पलीकडच्या गावात एक म्हातारा द्राक्षवाला त्यांना दार उघडतो आणि दोन दिवस ठेवून घेतो. गोष्ट एवढीच.

आमच्याकडे पर्युषणात रोज संध्याकाळी कार्यक्रम असतो, आणि त्यातली एक संध्याकाळ महिला मंडळाची. दरवर्षी प्रश्नमंजूषा होते; तीच बाई दरवर्षी जिंकते. आक्काताईंनी जाहीर केलं, यंदा शाळेच्या मैदानात पिक्चर. अण्णांना सांगायला गेल्या तर ते उदार झाले.

“दाखवा की. पिक्चर बघायला माझी ना न्हाई. पिक्चरमधली माणसं खोली मागत न्हाईत.”

अडचण निघाली भाषेची. पिक्चरमधले लोक दारी या अफगाणी भाषेत बोलतात आणि खाली इंग्रजी पट्ट्या येतात. आमच्या गावात इंग्रजी वाचणारे आहेत, पण पट्टी जाईपर्यंत वाचणारे नाहीत. तेव्हा ठरलं : पिक्चरचा आवाज बंद करायचा आणि आपल्या माणसांनी माइकवरून मराठीत बोलायचं. शकेबाने एकेक वाक्याचा अर्थ सांगितला, मी लिहिलं. मी लिहिलेलं वाचून आक्काताई म्हणाल्या, “सर, ही बाई एवढी पळून आल्यावर ‘मी अत्यंत श्रांत झाले आहे’ म्हणंल व्हय? ‘पाय राह्यलं गं माझं’ म्हणंल.” मी खोडलं. पुढे बरंच खोडलं.

आईचं काम आक्काताईंनी घेतलं, मुलीचं ब्राह्मीने. शिपाई आणि म्हातारा उरले. तालमीच्या दिवशी अण्णा सहज म्हणून येऊन बसले. आक्काताईंनी त्यांच्यापुढे कागद धरला.

“अण्णा, तुमच्या आवाजाबिगर पिक्चर आळणी हुईल. शिपायाचं काम करता? चारच वाक्यं हायत. ‘मागं फिरा, मागं फिरा’ एवढंच म्हणायचं.”

अण्णांनी कागद वाचला. चष्मा काढला. “मी शिपाई न्हाई करणार.”

“का वं?”

“ट्रस्टचा अध्यक्ष बायकापोरींना ‘मागं फिरा’ म्हणतोय, बरं दिसतंय का? म्हातारा मी करतो. शिपाई नाथाजीला द्या. त्यानं नोकरीच ती केलीय.”

नाथाजी म्हणाले, “ओ अण्णा, मी लेबनानात शांतिसेनेत हुतो. तंबूतल्या माणसांस्नी पाणी वाटलंय मी. मागं फिरा कुणाला म्हणालो न्हाई.”

“मग आता म्हण. पिक्चर हाय गड्या, खरं थोडंच हाय?”

हे वाक्य अण्णांचं स्वतःचं. मी तिथे होतो.

महिला मंडळाची संध्याकाळ आली ती पर्युषणाच्या पाचव्या दिवशी. दहा दिवसांचे दहा धर्म; त्या दिवशी आमच्यात ‘उत्तम सत्य’ या धर्माचं चिंतन करतात. लोक ऊन असतानाच जेवून घेऊन, आरती आटोपून शाळेच्या मैदानात जमले. रेश्माने दोन बांबूंवर पांढरं कापड ताणलं होतं. आक्काताईंच्या शेजारी शकेबा बसली होती, डोक्यावर ओढणी. त्या रांगेत सगळ्याच बायकांच्या डोक्यावर पदर, त्यामुळे परदेशी कोण हे शोधावं लागत होतं.

तेवढ्यात पाऊस आला. पाऊस आक्काताईंनी आणला असं मी म्हणत नाही. पण छत्री फक्त त्यांच्याकडे होती.

लोक उठायला लागले, तसे अण्णा खुर्चीवर चढले. रोज आरशासमोर तालीम केलेला माणूस. “कुणी जायाचं न्हाई! समदं बस्तीत न्या! मंडपात दाखवू!”

“मंडपात? पिक्चर?” आक्काताईंनी विचारलं.

“धर्माचंच काम हाय. चला!”

तर अशा रीतीने पिक्चर बस्तीत गेला. आता मंडपात कापड लावायचं कुठे? देवाच्या पुढ्यात लावता येत नाही आणि देवाकडे पाठ करून बसता येत नाही. शेवटी उजव्या अंगाच्या दोन खांबांना कापड बांधलं आणि लोक आडवे बसले. गाभारा डाव्या हाताला. गाभाऱ्याचं दार उघडं, आत नंदादीप. दार लावावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. पर्युषणात ते एरवीही शेजारतीपर्यंत उघडंच असतं. माइकची वायर आखूड पडली. रेश्माने ओढून ओढून माइक जिथवर आला तिथे उभा केला. तो आला गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी.

“इथंच बोला,” रेश्मा म्हणाली. “वायर मैदानाच्या मापाची न्हवती, बस्तीच्या तर न्हाईच न्हाई. आन् एक सांगते, आमच्या लोकांचा पिक्चर, आन् समदे पार्ट तुमीच वाटून घेतले. मला वायर वडायला ठेवली.”

“पुढच्या वर्षी तुला हिरोईन करू गं,” आक्काताई म्हणाल्या.

पिक्चर सुरू झाला. आधी थोडी खसखस पिकली. समोर बर्फाचे डोंगर, लांब अंगरख्यांची माणसं, आणि आवाज आक्काताईंचा, “आगं बया, दार लावलंस का? राहू दे आता, कुणासाठी लावायचं?” मग खसखस थांबली. घर सोडताना त्या बाईने चूल सारवल्यासारखी पुसून ठेवली, तेव्हा माझ्या पुढची म्हातारी स्वतःशीच म्हणाली, “एकोणीसच्या पुरात मीबी पुसलीती.” तिच्या पलीकडचीने नुसती मान हलवली.

एका ठिकाणी रस्त्याकडेला शेगडीवर मांस भाजतात असा प्रसंग होता. शाळेच्या मैदानात तो चालला असता. बस्तीत कसा चालणार? रेश्माने प्रोजेक्टरच्या भिंगावर तळहात ठेवला. कापड काळं झालं.

“काय झालं गं?” अण्णांनी अंधारातून विचारलं.

“ढग आलाय, अण्णा. जाईल आत्ता.”

ढग गेला. सीमा आली. नाथाजी माइकपाशी गेले. ‘मागं फिरा’ हे त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मागून कुणीतरी ओरडलं, “सुभेदार, आवाज!” नाथाजी म्हणाले, “तेवढाच हाय.” ते पिक्चरमधलं होतं की स्वतःचं, ते त्यांना विचारायचं राहून गेलं.

मग ते म्हाताऱ्याचं दार आलं. द्राक्षाच्या वेलाचा मांडव, त्याखाली मायलेकी, मुलीच्या काखेत बोचकं. म्हाताऱ्याने कडी काढली, एक हात दारावर ठेवला आणि तोंड उघडलं. अण्णांनी माझं वाक्य म्हटलं, जसं लिहिलं होतं तसं : “दोन दिवस राहा. पुढचं पुढं बघू.”

आणि पिक्चर अडकला.

ब्राह्मीच्या लॅपटॉपला काय झालं ते तिलाही कळलं नाही. पडद्यावर म्हातारा तसाच, हात दारावर, तोंड उघडं. मुलगी तशीच, बोचकं काखेत, डोळे वर. पत्र्यावर पावसाचा आवाज. ब्राह्मी बटणं दाबत होती, रेश्मा वायर हलवत होती. लोक पडद्याकडे बघत होते, पडद्यावरची मुलगी अण्णांकडे बघत होती.

आता अण्णांच्या जागी दुसरा कुणी असता तर खाली बसला असता. पण भरलेला मंडप, तोंडाशी माइक आणि समोर शांतता, हे अण्णांना आजवर कधी सोसलेलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

“दोन दिवस कशाला?” अण्णा म्हणाले.

मी हातातला कागद बघितला. असं काही लिहिलेलं नव्हतं.

“दोन दिवस कशाला, पोरी? चालून चालून पायाची सालटी निघाल्यात तुझ्या. बोचकं ठेव खाली. खोली रिकामीच हाय. कुणी ऱ्हात न्हाई तिथं, नुसतं कुलूप ऱ्हातंय.” आवाज चढत गेला. दीप हलला असं मला वाटलं, वारं असेल. “जवर मी जिता हाय, तवर ही खोली तुझी. तुला जा म्हणणारा कोण हाय ते मी बघतो. आन् कुणी म्हणालाच, तर त्याला म्हणावं, आधी जिनदत्ताला भेट!”

म्हाताऱ्याचं नाव पिक्चरमध्ये जिनदत्त नव्हतं.

मग आक्काताई उठल्या, गाभाऱ्याकडे वळून त्यांनी हात जोडले आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “पार्श्वनाथ भगवान की!”

“जय!” अख्खा मंडप म्हणाला. कुणी नियम घेतला की असंच म्हणतात. सवयीने म्हटलं गेलं. पण म्हटलं गेलं.

त्याच वेळी पिक्चर पुढे सरकला. लोकांचं पुढे पिक्चरकडे किती लक्ष होतं कोण जाणे. अण्णांनी उरलेली दोन वाक्यं म्हटली, पण त्यांच्या आवाजातली हवा गेली होती. त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं, आणि आत पार्श्वनाथाकडे बघायचं टाळलं.

दिवे लागले. कुणी घरी जाईना. नाथाजी अण्णांपाशी आले.

“अण्णा, लय भारी बोललासा.”

“हं.”

“गूळ आठवतोय न्हवं?”

अण्णा दचकले. “नाथाजी, ते पिक्चरमधलं बोलणं हुतं. तो म्हातारा बोलत हुता.”

“पिक्चर तर अडकला हुता अण्णा. बोलत तुमीच हुता.”

लोक हसले नाहीत. हसले असते तर अण्णांना सोपं गेलं असतं. आज सत्याचा दिवस, हे कुणी बोललं नाही, पण सकाळी त्याच जागी उभं राहून अण्णांनी सत्यावर तासभर प्रवचन केलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. ओढ्यापलीकडच्यांनीसुद्धा.

अण्णा माइकपासून बाजूला सरले. मी त्यांना लहानपणापासून बघतो, पण त्यांना शब्द शोधताना त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. तेवढ्यात शकेबा बायकांच्या रांगेतून उठली आणि पुढे आली. तिने अण्णांपुढे वाकून नमस्कार केला, आमच्याकडच्या मुली करतात तसा. मग म्हणाली,

“अण्णा, तुमी काय मनाला लावून घेऊ नका. पिक्चरमधला म्हातारा असं बोलत न्हाई. तो दोनच दिवस ठेवतो आन् मग पाठवून देतो. सगळे तसंच करत्यात. तुमचं ते सवयीनं बोलणं झालं, मला कळतंय. तुमच्यावर बंधन न्हाई. मी दुसरीकडं बघीन.”

मंडपातल्या प्रत्येकाला कळलं की वाट मोकळी आहे. जिला शब्द दिला तिनेच तो परत केला होता. शास्त्रातही यावर बोट ठेवता आलं नसतं. अण्णांनी ‘बरं पोरी’ म्हटलं असतं, तर आम्ही छत्र्या शोधल्या असत्या, घरी गेलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी संयमावर प्रवचन ऐकलं असतं.

अण्णांनी तिच्याकडे बघितलं.

“सगळे तसंच करत्यात?”

“व्हय.”

“दोन दिवस ठेवत्यात आन् पाठवत्यात?”

“व्हय, अण्णा. त्यांचंबी काय चुकत न्हाई.”

अण्णा ताठ झाले. धोतराचा सोगा झटकला. मग आमच्याकडे, सगळ्या मंडपाकडे वळले, आणि माइक दोन हातांवर असताना माइकशिवाय बोलले.

“ऐकलं का रं? जगात सगळे दोन दिवस ठेवत्यात म्हणं. मग आमच्यात आन् त्यांच्यात फरक काय? मी एकदा रागानं बोललो, तर एवढी वर्सं गूळ खाल्ला न्हाई. रागाचं बोलणं पाळलं. आज जन्मात पयल्यांदा देवापुढं काही बरं बोललोय, आन् ते म्हणं पिक्चरमधलं!”

कमरेला हात घालून त्यांनी किल्ली काढली. ती इतकी वर्षं तिथे होती की करगोट्यातून निघेना. शेवटी नाथाजींनी दात लावून गाठ सोडवली. किल्ली अण्णांनी शकेबाच्या हातावर ठेवली.

“तू मला सोडलंस, पण मी बोललोय त्याला. तुला न्हाई.” त्यांनी गाभाऱ्याकडे बोट केलं, आणि आता नीट, डोळ्याला डोळा देऊन आत बघितलं.

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. नंतर त्या म्हणाल्या की त्यांना ठसका लागला होता. महिला मंडळाच्या अध्यक्षांना असे ठसके लागतात.

आता अण्णांनी एखादी गोष्ट स्वीकारली की ती पुढच्याला जड जाते. दुसऱ्याच दिवशी खोलीला चुना. मग नवी कडी, आतून. मग खिडकीला जाळी. खाण्याचं त्यांनी शकेबाशी समोरासमोर बोलून घेतलं.

“पोरी, आवारात मांस-अंडं चालत न्हाई.”

“म्हाईत हाय, अण्णा. ब्राह्मीसंगं ऱ्हायलीय मी. कांदासुदा कवाच सुटलाय.”

“कांदा खा गं,” अण्णा घाबरून म्हणाले. “एवढं कडक न्हाई. मीबी चातुर्मासातच सोडतो.”

पोलिसांकडच्या नोंदीला अण्णा स्वतः सांगलीला गेले. मला साक्षीला नेलं. टेबलामागचा माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, “किती दिवस राहणार?”

“मी जिता हाय तवर,” अण्णा म्हणाले.

“आजोबा, मुदत लिहावी लागते.”

“मग माझं वय लिवा आन् पुढं तुमाला काय वाटतंय ते लिवा.”

त्या माणसाने पेन खाली ठेवून पोटभर हसून घेतलं, आणि मग जी मुदत लिहिता येते ती लिहिली. ती संपायच्या आधी अण्णा पुन्हा जाणार आहेत. तारीख त्यांनी बस्तीच्या खांबावर खडूने लिहून ठेवली आहे, म्हणजे विसरलेच तर गाव आठवण करील.

गोष्ट आसपास पसरली. कुणी म्हणालं अण्णांनी पाच खोल्या दिल्या, कुणी म्हणालं पडद्यावरचा म्हातारा मराठीत बोलला. एका मोठ्या गावातल्या देवस्थानाने पिक्चर मागून नेला. त्यांच्याकडे वातानुकूलित सभागृह, नवा प्रोजेक्टर, आक्काताईंपेक्षा शुद्ध बोलणाऱ्या बाई. पिक्चर कुठेही अडकला नाही. लोकांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. त्यांचे सचिव आक्काताईंना फोनवर म्हणाले, आमच्याकडे तुमच्यासारखा परिणाम का झाला नाही?

“पिक्चर आमी दिला,” आक्काताई म्हणाल्या. “अडकायची जागा तुमची तुमी बघा.”

साताऱ्याकडच्या रहिमतपूरची मंडळी मात्र स्वतः येऊन गेली. त्यांनी पिक्चरविषयी काही विचारलं नाही. माइकची वायर किती आखूड होती ते रेश्माला विचारलं. रेश्मा ती वायर आता कुणाला भाड्याने देत नाही; तिचा पिक्चरमधला पार्ट तोच होता, असं तिचं म्हणणं आहे.

हे लिहितोय तेव्हा रमजान चालू आहे. बेदाण्याचा हंगामही. शकेबा उन्हं उतरताना कोल्ड स्टोरेजमधून परत येते, दिवसभर उपाशी, कपड्यांना द्राक्षाचा वास. नाथाजींनी तिच्यासाठी गुळाची ढेप पाठवली. ती अण्णांनी स्वतः डोक्यावरून आणून दिली, खोलीत ठेवली, हात धुतले, आणि हाताचा वास घेतला. एवढी मोकळीक नियमात बसते म्हणतात.

संध्याकाळी अण्णा बस्तीच्या पायरीवर बसतात. आम्ही सूर्य बुडायच्या आत जेवणारे, ती सूर्य बुडाल्यावर. दोघांचीही नजर पश्चिमेला. अण्णांचं जेवण आटोपलेलं असतं. ते चूळ भरतात आणि उसाच्या तुऱ्यांमागे तो लाल गोळा जाताना बघत राहतात. धर्मशाळेच्या दारात शकेबा खजूर हातात घेऊन उभी. मशिदीचा भोंगा आहे, मोबाइलवर वेळ दिसते, पण अण्णांचा त्या दोन्हींवर विश्वास नाही. सूर्याचं आपल्याला जास्त कळतं, असं त्यांना वाटतं. जन्मभर त्याच्या आत जेवले आहेत.

शेवटची कड बुडते. अण्णा उभे राहतात, धोतराचा सोगा झटकतात, छाती भरून श्वास घेतात.

“मावळला गं, पोरी! खा!”

ओढ्यापलीकडे रेश्माच्या घरीसुद्धा, खुर्च्यांच्या गराड्यात बसून, त्याच आवाजावर खजूर तोंडात जातो.